आक्का, ती ऊब उन्हाची होती का?

प्रिय आक्का,

आज सकाळी जे झालं ते कुणाला सांगू, या विचारात दुपारपर्यंत घरात नुसती फिरत होते. शेवटी कागद घेतला. तू गेल्यावर आज पहिल्यांदाच मी तुझी चटई पसरली, टिळकवाडीच्या आपल्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीकडे पाठ करून. तू तशीच बसायचीस ना? डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पाठीच्या तळापासून काहीतरी ऊबदार वर सरकायला लागलं. भिंतीत ओल चढते तसं, आवाज न करता.

मी घाबरले नाही गं. तू जवळ आहेस असंच वाटलं.

भावोजी गेल्यानंतर मी निपाणीहून तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा तू कशी झाली होतीस! शाळेत पोरांना शिकवून यायचीस, दिवस मावळायच्या आत दोन घास खायचीस आणि भिंतीकडे तोंड करून पडायचीस. रडायचीसुद्धा नाहीस. मग शाळेतल्या कुणीतरी सुमंगला मॅडमच्या वर्गाचं सुचवलं. कुंडलिनी योग! मला तर नावाचीच भीती वाटली. "साप-बीप काय असतंय काय गं त्यात?" मी विचारलं, आणि कितीतरी महिन्यांनी तू हसलीस.

मग गच्चीवर कपडे वाळत घालताना तू मला समजावलंस. "माकडहाडाशी एक शक्ती वेटोळं घालून निजलीय असं मानतात. कण्याच्या डावीउजवीकडं दोन वाटा, इडा आणि पिंगळा. श्वास त्यांतनं येतो-जातो. दोन्ही समान झाल्या की मधली वाट उघडते, सुषुम्ना. मग ती शक्ती उठून एकेक चक्र ओलांडत वर जाते."

"आणि वर पोचली की?"

"मला काय ठाऊक? मी अजून गुडघ्यांशीच भांडतीय!"

आधी गुडघे सैल झाले, मग पोक गेलं. आणि एकदा वर्गातून येताना रिक्षात तुला असं रडू फुटलं की रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली. "एक शब्द न बोलता गेले गं," एवढंच तू म्हणत होतीस. इतके दिवस तो राग पोटात कुठं दडवला होतास? आणि आक्का, भावोजींवर एवढी रागावलीस, मग तूही तेच का केलंस?

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. तुझे हात थरथरायला लागले. छाती धडधडायची, अंगाची आग व्हायची, ब्लाउज सैल पडले. डोळे मात्र चमकत होते. "ती उठली गं, पद्मा," तू कानात सांगितलंस, लहान पोरीसारखी.

आपले आप्पा लेकीच्या काळजीनं निपाणीहून मिळेल त्या एसटीनं आले. "आपल्या जैनांत ध्यानाला सामायिक हाय की," ते म्हणाले. "गप बसून णमोकार म्हणायचं सोडून हे अंगात काय घालून घेतलंस?"

"आप्पा, हे अंगात येणं न्हाय."

"मग काय हाय, ते तरी सांग!"

वर्ग सोडणार नाही, एवढंच तू म्हणालीस आणि आप्पा न जेवता परत गेले.

सुमंगला मॅडमनी मात्र तुझं मनगट हातात धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "अक्का, आधी डॉक्टर," त्या आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "शक्ती कुठं पळून जात नाही. निधान." निधान म्हणजे हळू. रक्त तपासलं तर थायरॉईड नुसता उधळलेला! परत येताना तू विचारलंस, "म्हणजे ती नव्हतीच?" तुझा तो पडलेला चेहरा!

गोळ्या सुरू झाल्या. मॅडमनी जोराचे श्वास बंद केले. पाय जमिनीला टेकवून संथ श्वास, बास. हळूहळू तुला झोप लागायला लागली, थरथर थांबली. एकदा चहा गाळताना तू सहज म्हणालीस, "आधी काहीतरी व्हावं म्हणून बसत होते. आता काही होत न्हाय, आणि लई बरं वाटतंय. आत कुणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखं. आपण आपलं घरभर फिरायचं."

मग एका दुपारी शाळेतून येऊन शवासनात आडवी झालीस. मी चहाला हाक मारली, दोनदा मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, योगिनीच होती, प्राण टाळूतून गेला. खरं सांगू? मलाही तसंच मानावंसं वाटलं. पण तू असतीस तर म्हणाली असतीस, डॉक्टर काय म्हणाले ते आधी सांग!

तेव्हापासून एकच स्वप्न पडतं. संकेश्वराकडच्या उसातून आपण दोघी चाललोय. तू पुढं, पाठीवर लांब वेणी हलतेय. पानं सळसळतात आणि तुझी पावलं वाजत नाहीत. वळून बघ की गं एकदा! तुझ्या शेजारी बसायला शिकवलंस, एकटीनं कसं बसायचं ते शिकवायचं राहिलं ना?

आज डोळे उघडले तर खिडकीतून कोवळं ऊन थेट माझ्या पाठीवर पडलेलं! ती ऊब उन्हाची होती, की खरंच ती होती? मी मोठ्यानं हसले आणि हसता हसता रडले, अगदी बेंबीपासून. मग सगळं कसं लांबून आणि स्वच्छ ऐकू यायला लागलं, भाजीवाल्याची हाक, शेजारचा कुकर. तू गेल्यापासून आवळून धरलेल्या माझ्या मुठी मांडीवर उघड्या पडल्या होत्या. त्या कधी उघडल्या, मला कळलंच नाही.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. आधी पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "पद्मा, झोप लागत न्हाय गं. आक्का ते श्वासाचं करायची... मला जमंल काय?"

"जमंल की, आप्पा," मी म्हणाले.

रविवारी निपाणीला जाते आहे. त्यांना खाली बसवत नाही, तर अंगणात खुर्ची टाकीन. चक्रं, नाड्या यातलं काही बोलणार नाही. पाठ ताठ ठेवा म्हणेन, श्वास आत घ्या, हळू सोडा. त्यावर त्यांना णमोकार म्हणायचा असेल तर म्हणू देत. त्यांचा श्वास संथ होईपर्यंत मी बाजूला बसून राहीन, आणि त्यांना तुझ्याविषयी बोलावंसं वाटलं तर मध्ये उठणार नाही. हा माझा शब्द.

तुझीच,
पद्मा