सरासरीच्या आसपास

१२ एप्रिल

लागला एकदाचा कागद धक्क्यावर. 'सरोवर परिसर : उन्हाळ्याच्या सुरुवातीचा हवामान अंदाज.' आम्ही जन्मभर तळं म्हणत आलो. सरोवर म्हटल्याने त्यात पाणी वाढतं की काय, देव जाणे.

मजकूर असा — तापमान सरासरीइतके किंवा थोडे अधिक. पाऊस सरासरीच्या आसपास. दुपारनंतर अचानक वादळी वाऱ्याची शक्यता चाळीस टक्के. यातून 'किंवा', 'थोडे', 'आसपास' आणि 'शक्यता' काढून टाकले तर कागदावर नुसता शिक्का उरतो. टेकडीवर कार्यालय, छपरावर वारा मोजायला गरागरा फिरणाऱ्या वाट्या, आणि आत हा हवामानवाला पोरगा!

कागद लावायला स्वतः आला होता. चार टाचण्या टोचायला त्याला तिकीटखिडकीपाशी अर्धा तास लागतो. खिडकीत माझी मुलगी बसते. मी लाँच चालवतो, पण डोळे मिटून नाही.

१३ एप्रिल

बायकोला विचारलं, या दोघांचं तुला माहीत होतं? म्हणाली, "सगळ्या धक्क्याला माहीत आहे. तुम्ही तळ्यातच असता."

१५ एप्रिल

काल जेवताना मुलीने सांगून टाकलं. त्याच्याशी लग्न करायचंय. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही. "घाई नाही बाबा. मे संपेपर्यंत विचार करा." 

मला लाँचमालकाचा पुतण्या पसंत आहे. मालकाने आपणहून विषय काढला होता. मुलगा रुबाबदार, बोलण्यात ठाम. लाँचची सगळी देखभाल त्याच्याकडे. काहीही विचारा, "शंभर टक्के, काका!" डिझेल उद्या येईल? शंभर टक्के. छताचं कापड शिवून मिळेल? शंभर टक्के. ऐकूनच माणसाचा जीव भांड्यात पडतो.

आणि हा दुसरा — टक्केवाला. धक्क्यावर त्याला सगळे हेच म्हणतात. "उद्या पाऊस येईल का रे?" विचारलं की आधी वर बघतो, मग बुटांकडे बघतो, मग म्हणतो, "तीस टक्के." म्हणजे छत्री तीस टक्के उघडायची का? असा माणूस संसार कसा करणार? आज घरी चूल पेटण्याची शक्यता साठ टक्के?

उद्याचा दिवस देवाच्या मुठीत. ती मूठ बाहेरून चाचपणारे हे कोण लागून गेले? मी रोज सकाळी लाँच सोडण्याआधी पाण्याला हात जोडतो आणि निघतो. इतकी वर्षं तळ्याने कधी मला टक्के विचारले नाहीत.

२२ एप्रिल

आठवडाभर धक्क्यावरच्या फळ्यावर टक्केवाल्याच्या खडूने रोज तेच — 'दुपारी वादळी वारा, चाळीस टक्के.' आठवडाभर तळं आरशासारखं. आज परतताना लाँचवरूनच ओरडलो, "काय साहेब, वादळ वाटेत कुठे चहाला थांबलं का?" उतारू हसले. तोही हसला. स्वतःवर हसणाऱ्या माणसाला कणा नसतो असं माझं मत आहे.

वर म्हणतो, "न येण्याचे साठ होते, काका."

हा असा बोटांतून निसटतो. मुलगी खिडकीत मान खाली घालून तिकिटं मोजत होती. हसत होती बहुतेक. माझ्यावर की त्याच्यावर, कळलं नाही.

२९ एप्रिल

पंप अडखळतोय. लाँचच्या तळात साचलेलं पाणी उपसायचा तो. पुतण्याला सांगितलं. "सोमवारी बघून टाकतो. शंभर टक्के, काका." झालं काम! त्याने बुटांकडे बघितलं नाही.

३ मे

बायको म्हणते, तुमचं तोंड का असं वाकडं? म्हटलं, ऊन लागतंय. म्हणाली, "घरात?"

५ मे

सोमवार. पुतण्या दुपारी भेटला. "पंप एकदम ठीक, काका." याला म्हणतात माणूस.

९ मे

ओले कपडे न बदलताच लिहायला बसलोय, कागद भिजतोय. अक्षर वाचता येईल तेवढं येईल.

सकाळी फळ्यावर होतं — 'वारा मंद, सरोवर शांत. वादळाची शक्यता पाच टक्के.' दुपारच्या फेरीला लाँच भरलेली. बाजारातून परतणाऱ्या बायका, दोन सायकली, एक म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन. तळ्याच्या मधोमध डोंगराच्या अंगाने काळं पाणी धावत येताना दिसलं. काळं पाणी म्हणजे वारा. चाक वळवेपर्यंत अंगावर आला. छताचं कापड टर्रकन फाटलं आणि उडालं. लाटा आत यायला लागल्या. पंप लावला. दोनदा खोकला आणि बंद!

मग बादली, जेवणाचे डबे, जे हाताला लागेल त्याने सगळे पाणी उपसू लागले. म्हातारीने मागून माझा सदरा घट्ट धरला होता. मी देवाचं नाव घेत होतो आणि टक्केवाल्याला शिव्या देत होतो, दोन्ही एकाच श्वासात. देवाने त्यातलं काय ऐकलं ते त्याचं त्याला ठाऊक. धक्का गाठला. सगळे उतरले. कोंबडीसुद्धा.

लोक भडकलेले. पुतण्या सगळ्यांच्या पुढे. मालकाला मोठ्याने सांगत होता, "पंप मी सोमवारी स्वतः उघडून साफ केलाय. शंभर टक्के चालू होता. यांनाच चालवता आला नसेल." यांनाच म्हणजे मला. एरवी काका म्हणतो.

तेवढ्यात टेकडीवरून टक्केवाला सायकलवर आला, चिंब भिजलेला. लोक त्याच्यावर तुटून पडले. "आलास? कुठायत तुझे पाच टक्के?" एकाने त्याच्या छातीला धक्का दिला.  तो फळ्यापाशी गेला, बाहीने फळा पुसला आणि खडूने लिहायला लागला. फळा ओला, खडू उमटेना. पुन्हा पुसला, पुन्हा लिहिलं. पाऊस पडत असताना खडूने लिहिणारा माणूस मी प्रथमच पाहिला. मूर्ख. तिसऱ्यांदा कुठे अक्षरं वाचता आली —

'आजचा अंदाज चुकला. डोंगरावरचा ढग सकाळी दिसला होता. मी तो कमी लेखला.'

खाली स्वतःचं नाव. मग लोकांकडे तोंड करून उभा राहिला, बोलणी खात. आमचे गुरुजी पाढे घेताना म्हणायचे, ज्याला येत नसेल त्याने उभं राहावं. सगळ्या शाळेत कधी कोणी उभं राहिलं नव्हतं.

१० मे

आज लाँच बंद. सकाळी मुलगी चहा घेऊन आली, शेजारी बसली.

"बाबा, पंपाच्या कप्प्याला कुलूप असतं ना?"

"असतं."

"किल्ली माझ्या खिडकीत टांगलेली असते. सोमवारी ती कोणी नेलीच नाही. काल तुम्ही घरी निघून गेल्यावर सगळ्यांसमोर मालकांना सांगितलं."

"मग?"

"पुतण्या म्हणाला, मुलगी आहे, विसरली असेल. शंभर टक्के."

 मला अजूनही तो टक्केवाला आवडत नाही. चालताना वाकतो. हसतो नको तिथे. तळ्याला सरोवर म्हणतो.

पण इतके दिवस मी ज्याला ठामपणा समजत होतो तो नुसता आवाज होता. आणि पाण्याला हात जोडून वर तळं माझ्या ओळखीचं आहे म्हणत फिरणारा मीच. देवाच्या मुठीत काय आहे हे मलाच शंभर टक्के माहीत असल्यासारखा.

१४ मे

त्याला घरी बोलावलं. विचारलं, "माझ्या मुलीला सुखात ठेवशील?"

तो वर बघत बसला, मग बुटांकडे. बायको दारात उभी. मुलगी तिच्यामागे.

"सांगता येत नाही, काका. रोज बघावं लागेल. चुकलो तर तुमच्यासमोर येऊन सांगेन."

मी हो म्हटलं.