नऊ नंबरची टाकी

तीर्थस्वरूप मावशीस भाच्याचा वाकून नमस्कार. (लांबूनच, तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? शिवणक्लासचा जिना चढू नकोस म्हटलं तरी चढतच असशील. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि सध्या त्याचीही लाज वाटते. निदान ताप तरी यावा!

गेल्या महिन्यात फोनवर दिलेली ती मोठी बातमी तू एव्हाना क्लासमधल्या सगळ्यांना सांगून टाकली असशील, म्हणून नीट सांगतो. आमच्या माळावर पाण्याच्या चाळीस बंद टाक्या आहेत. अवकाशातून एखादा कण भन्नाट वेगानं येतो, हवेवर आदळून फुटतो आणि त्याचा चुरा या टाक्यांवर पडतो. कुठल्या टाकीत आधी पडला, कुठल्या टाकीत नंतर, यावरून तो कुठल्या दिशेनं आला ते काढायचं. (बहुतेक कण वाटेत वळतात, मग त्यांचं गाव काही सापडत नाही. फार ताकदीचा असेल तरच जवळजवळ सरळ येतो.) असा कण आमच्या साहेबीणबाईंना अकरा वर्षांत एकदाच मिळाला. मी दिशा काढली, तर बोट थेट एका लांबच्या दीर्घिकेवर! कधी न हसणाऱ्या बाई चक्क हसल्या. येत्या सोमवारी त्या हे सगळ्या जगाला सांगणार आहेत.

आता माझा पराक्रम ऐक. तो कण यायच्या आठवडाभर आधी मी यंत्रांच्या खोलीत झाडू मारायला घेतला (ही हौस तुझ्याकडूनच आली) आणि मागच्या, टाक्यांकडून येणाऱ्या केबली उपसल्या. परत लावताना आमच्याकडे शिस्त अशी, की एकानं नंबर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं केबल खोचून "लागली" म्हणायचं. पण जोडीदाराशी माझा अबोला चालला होता (कारण काय, तर खिडकी उघडी ठेवायची की बंद). मग मीच "नऊ!" म्हणून ओरडलो आणि मीच "लागली!" म्हणालो. आवाजसुद्धा बदलला गं! नऊची चौदाला गेली, चौदाची नऊला. हे मला परवा कळलं. गणित पुन्हा केलं, तर कण आला त्या दिशेला काहीच नाही. नुसतं काळं आभाळ.

परवापासून तीनदा बाईंच्या खोलीत सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा स्टेपलर मागून परत आलो. आता माझ्या टेबलावर तीन स्टेपलर आहेत. बाई भाषण लिहीत असतात, वर न बघता स्टेपलर देतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एकेकाळी तुझा लाडका असलेला,
भाचा

ता. क. – खरं काम असं. लहानपणी मी आईच्या मशीनची सुई मोडून मांजरावर ढकललं होतं, आठवतं? तू रागावली नाहीस. रोज जेवताना फक्त "सांगितलंस का आईला?" एवढंच विचारायचीस. तिसऱ्या दिवशी मी रडत गेलो. तर शनिवारी ऑफिसात फोन कर आणि तसंच विचार. तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवणार तोच बाई स्टेपलर न्यायला आल्या. तोंडातून सगळं बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, "केबली तपासताना मला कालच कळलं. भाषण रद्द केलंय. तू कधी सांगतोस, तेवढं बघत होते." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिन्ही स्टेपलर उचलून गेल्या. फोन कर, मावशी. विचारू नकोस काही, नुसती बोल.