भागू आत्याला कुठला डेस्कटॉप?

बारामती, ३ ऑगस्ट २०२५

आदरणीय भागू आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझा लॅपटॉप बिघडलेला नाही. दुरुस्तीवाल्या रविंद्रदादाने काल उघडून पाहिला आणि तसं खात्रीने सांगितलं. चूक माझी. विंडोज काढून लिनक्स घातलं ते बरोबर, पण वरची मांडणी मला आवडणारी घातली, ग्नोम. स्क्रीन स्वच्छ, सगळं आत दडलेलं. शिवाय दहा वर्षांच्या मशीनला ती जड होते.

लिनक्सवर अशा बऱ्याच मांडण्या चालतात, त्यांना डेस्कटॉप म्हणतात. लॅपटॉपबरोबर तीन पेनड्राइव्ह पाठवतेय: केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई. एकेक लावून पाहा, आवडेल ती कळव, मग कायमची बसवते. फोनवर सांगितलेलं तुझ्या लक्षात राहत नाही, म्हणून कृती मागच्या पानावर लिहिली आहे.

बाळंतपणांच्या आठवणी लिहीत राहा. पप्पा म्हणतात, त्यांच्या बहिणीने पस्तीस वर्षं सिस्टर म्हणून गावं पालथी घातली, त्याचं पुस्तक झालंच पाहिजे. नाहीतर त्या आठवणी एकट्या त्यांनाच ऐकाव्या लागतील.

लोभ आहे तसाच असू दे, वाढवलास तर हरकत नाही.
तुझी भाची, करुणा

इंदापूर, १० ऑगस्ट

चि. करुणास अनेक आशीर्वाद.

केडीई देखणं आहे. पण मी काय दाबलं कोण जाणे, खालची पट्टी वर गेली. शेजारची सारजा म्हणाली की बाई, हे तर पायाळू जन्मलं.

सिनॅमन बरं वाटलं. त्यावर सांगवीच्या जुळ्यांची हकिगत लिहिली, सहा पानं. ड्यूटी संपली की सगळं आवरून, पुसून जागच्या जागी, ही माझी सवय. तसंच मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह डबीत ठेवला. सकाळी पाहते तर जुळी गायब!

लॅपटॉप पेटीत ठेवतेय. हाताने लिहावं तर बोटं आखडतात. एवढ्या पत्राला दोन दिवस लागले. म्हणजे पुस्तक राहिलंच समज. पप्पांना सांग, ऐकायची तयारी ठेवा.

तुझी आत्या

बारामती, १४ ऑगस्ट

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम.

जुळी मी घालवली. ते पेनड्राइव्ह नुसते चाचणीचे. मशीन बंद केलं की लिहिलेलं पुसलं जातं. आम्हाला हे इतकं सवयीचं की सांगायचंच राहिलं. माफ कर.

पेटीला कुलूप लावण्याआधी एवढंच कळव: बाळंतपणाला गेल्यावर तू सामान कसं मांडायचीस? तुझा हात कसा चालतो हे आधी विचारायला हवं होतं. बोटं दुखत असतील तर सारजामावशीला लिहायला सांग.

तुझी करुणा

इंदापूर, १९ ऑगस्ट

चि. करुणास आशीर्वाद. मी सांगतेय, सारजा लिहितेय.

ट्रेमध्ये कात्री उजवीकडे, शेजारी नाळेचा दोरा, वर कापूस. सगळं उघड्यावर आणि न बघता हात जाईल असं. कुणी हलवलं की मी ओरडायची. हे सांगता सांगता वाटलं, तिसरी तरी लावून बघू.

एक्सएफसीई दिसायला सरकारी दवाखान्यासारखी साधी. पण समोर हव्या तेवढ्याच चार वस्तू मांडल्या आणि मशीनही पळायला लागलं. हीच बसव.

जुळी पुन्हा लिहायला घेतली आहेत. एक झालं, दुसरं अडलंय. बंद केलं की पुसतं हे आता ठाऊक आहे, म्हणून शनिवारपासून मशीन बंदच केलेलं नाही. बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, म्हणून चार्जरची वायर रात्रंदिवस लावलेलीच आहे. रविवारी मोकळा पेनड्राइव्ह घेऊन ये. आधी जुळी सुखरूप उतरवून घे, मगच बाकीचं.

तुझी आत्या

ता. क. करुणा, हे माझं मी लिहितीया. रविवारी नक्की ये गं. वायरीला कुणाचा पाय लागू नये म्हणून तुझ्या आत्यानं मला दारात बसवलीया. तुझी वाट बघण्याबिगर हितं दुसरं काम न्हाय. – सारजा