अडुसष्ट किलो गूळ

रविवार, १ ऑगस्ट २००४, मयूर विहार. सकाळ.
वजन ९२. काटा नवा कोरा आहे, थोडं वर दाखवत असणार.

निश्चय झाला. भात, पोळी, बटाटा, साखर आजपासून बंद. ऑफिसातल्या चिरागने इंटरनेटवरून लो-कार्ब डाएटचं प्रिंटआउट काढून दिलंय. त्याचे जीजाजी म्हणे दोन महिन्यांत इतके बारीक झाले की सोसायटीचा गार्ड त्यांना आत सोडेना. सर, आप तो बिल्कुल हीरो लगेंगे, असं चिराग म्हणाला. मुलगा हुशार आहे.

कारण असं की गणपतीत माझी गूळतुला आहे. गेल्या वर्षी गुडगावला जाताना चार्टर्ड बसमध्ये माझ्या छातीत दुखलं. इस्पितळात नेलं. अरुणा धावत आली आणि कॉरिडॉरमध्येच हात जोडून नवस बोलली, की हे सुखरूप घरी आले तर यांच्या वजनाइतका गूळ मंडळाच्या गणपतीला. अर्ध्या तासाने डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. छोले-भटुरे. पण नवस बोलून झाला होता. गॅस का असेना, सुखरूप घरी आलात ना, असं ती म्हणते.

म्हणजे अख्ख्या महाराष्ट्र मंडळासमोर मी एका पारड्यात बसणार. समोर मंडळाचा सेक्रेटरी विनायक दांडेकर उभा राहणार, ज्याला माझ्याच वयात पोट नाही. नुसती कल्पना करूनच नाश्ता जाईना. तीन अंड्यांवर थांबलो.

मंगळवार, ३ ऑगस्ट
अरुणाने ओढत डॉ. गिरिजा सबनीसांकडे नेलं. बाई आहारतज्ज्ञ आहेत, आपल्याच मंडळाच्या. त्यांचं म्हणणं, आठवड्याला अर्धा किलो ही अपेक्षा ठेवा. पहिल्या आठवड्यात जास्त उतरेल, पण ते शरीरातलं पाणी असतं, त्यावर भुलू नका. गणपतीपर्यंत तीन-साडेतीन किलो उतरले तरी मी तुमचा सत्कार करीन.

मी नम्रपणे सांगितलं की मी कंपनीत फोरकास्टिंग बघतो. किती फ्रिज विकले जाणार हे मी आधी सांगतो. (गेल्या उन्हाळ्यात का विकले गेले नाहीत हा विषय वेगळा.) बाई हसल्या. अरुणाने मात्र त्यांनी दिलेला आहाराचा तक्ता पर्समध्ये घडी घालून ठेवला.

रविवार, ८ ऑगस्ट
वजन ८९! एका आठवड्यात तीन किलो! पाणी म्हणे. पाणी असतं तर बाथरूममध्ये दिसलं नसतं का?

दुपारी एक्सेलमध्ये ग्राफ काढला. सरळ रेघ. १९ सप्टेंबरला, म्हणजे तुलेच्या दिवशी, ७१. जरा जोर लावला की ६८. रेघ तशीच पुढे नेली तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात वजन शून्य येतं. त्याआधी कुठे तरी थांबायला हवं. जानेवारीच्या पानावर खूण करून ठेवली.

मंगळवार, १० ऑगस्ट
मंडळाची मीटिंग. मुजफ्फरनगरचा गूळ गणपतीला चालतो का, यावर एक तास चर्चा. गाव इथून दोन-तीन तासांवर, पण शेवटी कोल्हापूरचाच हवा असं ठरलं. रेल्वे पार्सलने यायचा, म्हणून ऑर्डर आजच द्यायची. विनायकने वही उघडून वजन विचारलं.

मी म्हणालो, अडुसष्ट.

कुणी तरी खोकलं. विनायकने विचारलं, कुणाचं?

घरी आल्यावर अरुणा कधी नव्हे ती चिडली. तिचं म्हणणं, नवस पूर्ण वजनाचा आहे, कमी पडला तर तो फिटत नाही. पंच्याण्णव मागवा, उरला तर वाटून टाकू. मी म्हणालो की जास्तीचा गूळ म्हणजे नवऱ्यावर अविश्वास ठराव. तिने देवापुढचा दिवा सारखा केला. मग म्हणाली, बरं, तुम्ही म्हणताय तर.

विश्वास बसला तिचा.

शनिवार, १४ ऑगस्ट
पुण्याहून सासूबाई, इंदुमतीबाई, आल्यात. धोंड्याचा महिना संपत आलाय, जावयाला वाण द्यायचं राहिलं म्हणून रेल्वेचा एवढा प्रवास करून आल्या. दिवा, तबक, आणि तेहतीस अनारसे.

अनारसा म्हणजे तांदूळ आणि गूळ. डाएटच्या दृष्टीने जहाल विष. पण अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूला नाही म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? सासूबाई समोर बसून पाहत होत्या. तेव्हा खाल्ले ते मुरलीधर खांबेट्याने नव्हे, त्या पदावरच्या माणसाने.

वजन ९०. हे विष्णूच्या खाती टाकायला हवं.

बुधवार, १८ ऑगस्ट, दुपारी दोन (ऑफिस)
मोठा शोध लागला! फाइल बाजूला सारून लिहितोय.

प्रिंटआउटमध्ये काय म्हटलंय? धान्य खाऊ नका. आपल्या उपवासात काय असतं? धान्य खात नाहीत! म्हणजे आपला उपवास हेच मुळात लो-कार्ब डाएट. अमेरिकेतल्या लोकांना आत्ता सुचलं, आपल्याकडे आजीला माहीत होतं. कालपासून निज श्रावण लागलाय. संपूर्ण श्रावण उपवास धरायचा. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, केळी, बटाट्याची भाजी. १ तारखेला बटाटा बंद केला होता तो पोळीबरोबरचा. उपवासाचा बटाटा वेगळा.

चिरागला सांगितलं. तो म्हणाला, सर, आप जीनियस हैं. आणि त्याच दमात शनिवारची सुट्टी मागितली. दिली.

सोमवार, २३ ऑगस्ट
आज खरोखरचा श्रावणी सोमवार. सकाळी खिचडी, दुपारी खिचडी, संध्याकाळी साबुदाण्याचे वडे. पोट भरलं की उपवास किती सोपा जातो! लोक उगाच उपाशी राहून करतात.

अरुणा तक्त्याप्रमाणे एक भाकरी, भाजी, डाळ आणि संध्याकाळी जवळच्या तळ्याभोवती फेऱ्या. बिचारी. विज्ञान तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

रविवार, २९ ऑगस्ट
वजन ९२.५. स्नायू. स्नायू चरबीपेक्षा जड असतात हे सगळ्यांना माहीत आहे. कुठले स्नायू, असं तनयाने विचारलं. ही माझी कन्या, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पुढे म्हणते, बाबा, साबूदाना तो पूरा स्टार्च है यार. बापाला यार! दिल्लीत वाढवल्याचे परिणाम. मी तिला विचारलं की साबुदाणा धान्य आहे का? ती म्हणाली, नाही, पण. मी म्हणालो, झालं तर मग.

गिरिजाबाई भाजीवाल्याकडे भेटल्या. अरुणाचे दोन किलो उतरले म्हणून त्यांना केवढा आनंद. नवख्यांचं नशीब असतं एकेक.

रविवार, ५ सप्टेंबर
वजन ९३. स्नायूंचा वेग वाढलाय.

अरुणाने गिरिजाबाईंना घरी चहाला बोलावलं. मी काय काय खातो ते त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या की खांबेटे, एका वाटी साबुदाण्यापेक्षा तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो की मग शंकराला काय पोळी-भाजी दाखवायची? बाईंनी चहा संपवला. अजूनही नीट सुरू करा, आठवड्याला अर्धा किलो, एवढंच पुन्हा म्हणाल्या. बाईंची गाडी त्या अर्ध्या किलोच्या पुढे जातच नाही.

शनिवार, ११ सप्टेंबर
गूळ आला. मी आणि विनायक निजामुद्दीन स्टेशनवर जाऊन पार्सल घेऊन आलो. मोजून अडुसष्ट किलो. विनायक माझ्या पोटाकडे बघत होता, मी ढेपांकडे.

घरी येऊन काट्याची पद्धतशीर तपासणी केली. बाल्कनीत ९३. गालिच्यावर ८७. बेसिनवर दोन्ही हात टेकवून उभं राहिलं तर ७१. हे सगळ्यात स्थिर रीडिंग आहे, तीनदा घेतलं. तेव्हा काटा बिघडलाय की मी, हे खात्रीने कुणीच सांगू शकत नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर
सकाळपासून काही खाल्लं नाही. अकरा वाजता चक्कर आल्यासारखं वाटलं म्हणून फक्त चार केळी.

केस अगदी बारीक कापून घेतले. नखं काढली. परवा पाकीट आणि जानवं सोडून बाकी काही अंगावर नको. (पाकीटही नको.) सोवळं पातळ कापडाचं नेसायचं.

संध्याकाळी अरुणा शेजारी येऊन बसली. म्हणाली, खरं सांगा, किती आहे? अजून दुकानातून आणता येईल, मुजफ्फरनगरचा तर मुजफ्फरनगरचा. मी म्हणालो, जवळपास आलोय. ती म्हणाली की लोक हसले तर हसू देत, तिला त्याचं काही नाही. पण त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये ती एकटी होती, आत काय चाललंय कुणी सांगत नव्हतं, आणि तिने देवाला शब्द दिला होता. बोलताना तिचे डोळे भरले.

फार वाईट वाटलं. त्र्याण्णव हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण मंडळात अडुसष्ट सांगून बसलेला माणूस मी. टिंबर मार्केटचा मोठा काटा येणारे, तो बरोबर दाखवील, असं काहीसं बोललो. ती उठून आत गेली.

रविवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळ.
झाली तुला. क्रमाने लिहितो.

सोसायटीच्या आवारातल्या मांडवात मी पारड्यात मांडी घालून बसलो. समोरच्या पारड्यात एक एक ढेप चढली. अडुसष्टच्या अडुसष्ट किलो. काटा हलला नाही. हलला नाही म्हणजे नावालाही नाही. विनायकने दोर तपासले. मग पोरं हसायला लागली, मग त्यांचे आईबाप. मी पोट आत ओढून धरलं. त्याने वजन कमी होत नाही हे आज कळलं.

तेवढ्यात अरुणाकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती. हात जोडून उभी, चेहरा पांढराफटक. माझं पोट आपोआप सुटलं. मी पारड्यातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, की मी त्र्याण्णव आहे! कधीच अडुसष्ट नव्हतो! हिचा नवस अडवू नका, काही तरी आणा!

गुरुजींनी निर्णय दिला की गूळ संपला असेल तर कुठलंही गोड चालेल. मग जी पळापळ झाली! प्रसादाच्या स्वयंपाकातून साखर आली. पेढे आले. नीलाकाकू चौथ्या मजल्यावरून मुरांब्याची बरणी घेऊन आल्या, लिफ्ट बंद असताना. कुणी श्रीखंडाचे डबे, कुणी केळ्यांचे घड, कुणी शेजारच्या शर्मांकडून गाजर हलवा. विनायक स्वतः स्कूटरवरून जाऊन बत्तासे घेऊन आला, हे नमूद केलं पाहिजे. कुणी हसत नव्हतं आता. सगळी सोसायटी घामाघूम होऊन मला उचलायला लागली होती.

शेवटी अरुणाने ओंजळ भरून साखर टाकली आणि माझं पारडं जमिनीवरून सुटलं. टाळ्या. ती ढसाढसा रडली. मी उतरलो तेव्हा हळूच म्हणाली, त्या दिवशी मी तुम्हाला अख्खे मागितले होते हो, कमी करायला कोणी सांगितलं होतं?

माझ्याही छातीत काही तरी दाटून आलं. आज दिवसभर पोटात काही नव्हतं, त्यामुळे गॅस म्हणता येणार नाही.

सोमवार, २० सप्टेंबर
विनायकने वहीत एकूण वजन ९४ लिहिलंय. गाजर हलव्याच्या डब्यासकट धरलं असणार.

ऑफिसला जायच्या आधी स्वतः गिरिजाबाईंना फोन केला. म्हटलं, तुमचा आठवड्याला अर्धा किलो मला मान्य आहे.

त्यांनी आजचं वजन विचारून घेतलं. मग म्हणाल्या, आधी एक आठवडा वाढू नका, मग बघू.