वाटीभर पाणी सोडा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, तसाच गोड मानून घ्यावा).

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणून सांगितलं होतं, ते तू ऐकलं नसणारच, तेव्हा आता निदान उतरताना तरी कठडा धर. माझं विचारशील तर तुझं पार्सल येईपर्यंत मी अगदी ठणठणीत होतो. दुकान बरं चाललं होतं, लोकांचे डोळे वेळच्या वेळी बिघडत होते, मी त्यांना चष्मे करून देत होतो आणि ते मला दुवा देत होते. मग तुझ्या त्या इटालियन पाककृतींच्या पुस्तकाच्या चार कच्च्या, स्पायरल घातलेल्या प्रती आल्या आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की प्रकाशक म्हणतात, भाषांतर ठीक आहे, पण आपल्याकडे हे कोण करून बघणार? रोज घरात रांधणाऱ्या चार माणसांची मतं आणा आणि प्रती मला परत करा, मग छापायचं की नाही ते बघू. आणि खाली बारीक अक्षरात (माझ्याकडे भिंग आहे हे तू विसरलीस) असंही होतं की मतं वाईट आली तर तू या पुस्तकावर पाणी सोडणार आणि पुन्हा आपल्या पंपांच्या माहितीपुस्तिकांकडे वळणार. ताई, ते वाचून मला राग आला. त्या इटालियन कंपनीच्या पंपांवर तू उभं आयुष्य काढलंस. 'बटण दाबा, झडप उघडा, मोटर थंड होऊ द्या' अशी हजारो पानं मराठीत लिहिलीस आणि त्यांतल्या एकाही पानावर तुझं नाव नाही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट स्वतःच्या हौसेनं केलीस, ती तरी पार पडावी म्हणून मी हे लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम अंगावर घेतलं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणणाऱ्यानं आपलं पुस्तक शेजाऱ्यांना वाचायला दिलं नव्हतं, एवढंच सांगतो.

मी ठरवलं की सगळ्यांनी पुस्तकातली पहिलीच कृती, चीज-मिरीची स्पॅगेटी करायची. जिन्नस चारच: स्पॅगेटी, चीज, मिरी आणि मीठ. म्हटलं, चार जिन्नसांत माणूस चुकून चुकून किती चुकणार! (हे वाक्य मी मोठ्यानं बोललो होतो आणि तुझी भावजय नुसती हसली होती. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.)

पहिली प्रत खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंना दिली. दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, पुस्तक चांगलं आहे, पण अंगाला बसत नाही. चौकशी केल्यावर कळलं की स्पॅगेटी फार लांब वाटली म्हणून त्यांनी आधी कात्रीनं बोट-बोटभर कापून घेतली. चीज घरात नव्हतं म्हणून उकडलेला बटाटा किसून घातला. मिरीनं घसा खवखवतो म्हणून ती वगळली आणि रंग फिका दिसतो म्हणून गाजर घातलं. आणि तक्रार काय, तर चीजची चव म्हणून लागत नाही! मी म्हटलं, बाई, न घातलेल्या चीजची चव कशी लागेल? तर म्हणतात, चांगल्या पुस्तकात ती लागायला हवी. शिवाय सगळं कोरडं ठक्क झालं, कारण शेवटी तुम्हीच पाणी सोडायला सांगितलंत. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तेव्हा माझं डोकं बटाट्यात अडकलं होतं.

दुसरी प्रत समोरच्या मास्तरांना. मास्तर आता निवृत्त आहेत, एकटे राहतात आणि स्वयंपाक स्वतः करतात, म्हणून मला वाटलं होतं की ते मन लावून करतील. त्यांनी मन लावलं, पण ते लाल पेनात. प्रत परत दाखवायला आणली तेव्हा प्रत्येक पानाला गोवर उठल्यासारखा दिसत होता. प्रस्तावनेला दहापैकी चार, अनुक्रमणिकेला सहा (नीटनेटकेपणाचा एक गुण जास्त), आणि पहिल्या पानावर 'लेखकाचे नाव लिहिण्यास विसरला आहात' असा शेरा. पदार्थाचं विचारलं तर म्हणाले, त्याचा गोळा झाला, ढवळायला गेलो तर पातेलंच फिरलं. आणि ते वाटीभर पाणी, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते ओट्यावर आहे ना! पुस्तकात 'सोडा' असा आज्ञार्थ आहे, मी आज्ञा पाळली, हात न लावता सोडून दिलं.

आता वरच्या मजल्यावरच्या सिस्टर (तू नव्हेस, दवाखान्यातली). या बाईंवर माझी सगळी भिस्त होती, कारण लिहिलेलं तंतोतंत पाळायचं हा त्यांचा धंदा. तेल मोजायला सिरिंज वापरणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. त्या ड्यूटीवरून थेट दुकानात आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता. त्या दारातूनच ओरडल्या की तुमच्या पुस्तकात डोस लिहिलेला नाही! गिऱ्हाईक घाबरून उठलं. मी म्हटलं, कशाचा डोस? म्हणाल्या, सोड्याचा. पाण्याचं प्रमाण दिलंय, वाटीभर. सोड्याचं दिलेलंच नाही, मग मी अंदाजानं एक मोठा चमचा घातला.

ताई, मला आधी काही उमजेना. मग त्यांनी प्रत उघडून ओळीवर बोट ठेवलं: 'शेवटी त्यावर वाटीभर पाणी सोडा.' सिस्टरनी ते वाटीभर पाणी आणि खायचा सोडा असं वाचलं होतं. गरम पातेल्यात सोड्याचं पाणी पडताच सगळं फसफसून वर आलं, शेगडीवरून ओघळलं आणि खाली मांजर बसलं होतं त्याच्यापर्यंत पोचलं. मांजर तेव्हापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. चवीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, साबणासारखी होती, पण जंतू एकही राहिला नसेल. (डोळ्यांचा दोष म्हणावा तर त्यांचा चष्मा माझ्याच दुकानातला. तिथल्या तिथे नंबर तपासला, बरोबर निघाला. तेवढीही पळवाट मला उरली नाही.)

आणि चौथी प्रत आपल्या काकूला. हे मी लिहिणार नव्हतो, पण तू विचारशीलच. काकूनं तुला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलंय, तेव्हा ती तरी तुझं पुस्तक गोड मानून घेईल असं मला वाटलं होतं. मी गेलो तेव्हा पातेलं झाकलेलं, शेगडी बंद, आणि काकू चहात बिस्किट बुडवून खात होती. झाकण काढून बघतो तर स्पॅगेटी उकडलेली, चीज घातलेलं, मिरी कुटून घातलेली, सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम, फक्त पुढे काहीच नाही! मी विचारलं, काकू, हे अर्धवट का ठेवलंस? ती म्हणाली, "अरे, पोरीनं लिहिलंच आहे की त्यावर पाणी सोडा म्हणून! फार प्रामाणिक आहे बाई ती. जमणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. म्हटलं, इतकं स्पष्ट सांगितलंय तर उगाच कशाला गॅस जाळायचा?"

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगतो, चिठ्ठीत तूही हेच लिहिलं होतंस, आणि काकूच्या पातेल्यात जे निपचित पडलं होतं ते मला तुझं पुस्तक वाटलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी चौघांना घरी बोलावलं. म्हटलं, एकदाचा काय तो सोक्षमोक्ष होऊ दे. झालं काय, तर चौघं त्या एका ओळीवरून अशी भांडली की शेजारचे लोक गॅलरीत आले. टेलरबाई म्हणत होत्या, सोडा म्हणजे मोरीत सोडा. मास्तर म्हणत होते, सोडा म्हणजे बाजूला सोडा. सिस्टर सोड्याचा डबाच घेऊन आल्या होत्या. काकू सगळ्यांना समजावत होती की भांडू नका, पाणी सोडा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे चौघं चार अंगणांत नाचत होती आणि प्रत्येकाला आपलंच अंगण सरळ वाटत होतं. शेवटी तुझी भावजय (ती सबंध वेळ लसूण सोलत बसली होती, कशासाठी कोण जाणे, या पदार्थात लसूण नाही) वैतागून मला म्हणाली, "अहो, वन्सं असं एरवी कुठे लिहितात ते आठवा की!"

आणि मला आठवलं. आपल्या इमारतीच्या पंपावर तुझंच पान चिकटवलेलं आहे: 'झडप उघडून नळीत पाणी सोडा.' ताई, तू स्वयंपाकघरात पंप चालवला आहेस! तिथे सोडा म्हणजे आत येऊ द्या, हे पंपवाल्याला कळतं. पण पातेल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळावं? तुला म्हणायचं होतं, स्पॅगेटी उकडलेलं ते खारट, गढूळ, गरम पाणी टाकून न देता वाटीभर काढून ठेवा आणि शेवटी पातेल्यात ओता. पूर्ण पदार्थाचा जीव त्या वाटीत, आणि ती वाटी एकीनं मोरीत ओतली, एकानं ओट्यावर ठेवली, एकीनं औषध करून पाजली आणि काकूनं तर नुसती मनातल्या मनात सोडली.

भावजयीनं पुन्हा सगळं उकडलं. वाटीभर पाणी काढून ठेवलं (मास्तर त्या वाटीवर पहारा करत उभे होते), चीज आणि मिरी घातली, वरून ते पाणी ओतलं आणि ढवळलं. ताई, आधी सगळं विस्कटल्यासारखं झालं, मग हळूहळू चीज विरघळून प्रत्येक काडीला लागलं आणि पातेल्यात चकाकी आली. नंतर नुसते चमचे वाजत होते. पातेलं कोणी पुसून खाल्लं ते मी सांगणार नाही, काकूचा मान राखला पाहिजे.

मग मी कागद पुढे केला आणि म्हटलं, आता मतं द्या. इतकं झाल्यावर माणसं चार बरे शब्द लिहितील असं तुलाही वाटलं असतं. टेलरबाईंनी लिहिलं, 'ठीक आहे, पण गाजर हवं होतं.' मास्तरांनी, 'प्रयत्न बरा, सुधारणेस वाव आहे.' सिस्टरनी, 'खाल्ल्यावर त्रास झाला नाही.' काकूनं, 'ही लोकं रोज हेच खातात का? बिचारी.' पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! एवढा खटाटोप करून ही मतं मी प्रकाशकाला कोणत्या तोंडानं द्यायची ते तूच सांग. या इमारतीत यापुढे कुणाला पुस्तकच काय, दिनदर्शिकाही वाचायला देणार नाही.

तुझा वैतागलेला
धाकटा

ता. क. 'सोडा' काढून 'ओता' कर. मास्तरांचं म्हणणं 'घाला' जास्त शुद्ध आहे. दोन्हींवर अजून वाद चालू आहे, त्यात तू पडू नकोस.

ता. क. पत्र बंद करणार तोच प्रकाशक स्वतः दुकानात आले. मतं वाचून त्यांचा चेहरा उतरला आणि माझाही. म्हणाले, बरं, निदान माझ्या प्रती तरी द्या. म्हणून आम्ही दोघं मागायला गेलो. टेलरबाई म्हणाल्या, प्रत हरवली (मशीनखालून स्पायरल डोकावत होतं). सिस्टर म्हणाल्या, ती दवाखान्यात आहे, आजच्या पाळीत वाचायला तिघींचे नंबर लागलेत. मास्तर म्हणाले, तपासणी अजून पूर्ण व्हायची आहे. काकू प्रतीवर बसली होती, ती उठलीच नाही. प्रकाशकांनी जिना उतरताना बोटांवर चार प्रती मोजल्या. मग म्हणाले, मतं काय हो, लोक काहीही देतात, प्रत देत नाहीत ते महत्त्वाचं. पक्की संहिता कधी देणार म्हणून ताईंना विचारा.

ता. क. खरी विनंती ही, बाकी सगळं पाल्हाळ होतं. पहिल्या पानावर नाव घालायचं तू विसरलीस की सवयीनं सोडलंस, मला माहीत नाही. काकू सोडली तर बाकी तिघांनीही मला विचारलं, हे कुणी लिहिलंय? या खेपेला नाव घाल, ठळक अक्षरात, भिंगाशिवाय दिसेल असं. आणि पुस्तकावर पाणी सोडणार म्हणाली होतीस ना? सोड. पण वाटीभरच, गरम, मीठ घातलेलं, आणि मग हात न थांबवता ढवळत राहा.