वाणात गेलेलं हवाईदल

नाही हो धाकूभावजी, उडत नाहीत ती. फोनवर तुम्ही परत तेच विचारलंत आणि रेंज गेली, म्हणून शेवटी कागद घेतला. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची लढाऊ विमानं, ती काय उडणार? पण थांबा, आधी रीत. तुम्ही नात्यानं धाकटे पण पोटानं थोरले, तेव्हा तुम्हाला आशीर्वाद आणि पोटाला नमस्कार. नवी कवळी बसली का नीट? (जाऊबाई सांगतात, जेवताना काढून ठेवता आणि फोटोला घालता. बरं करता.) गाय व्याली का? मी ठणठणीत आहे, आणि का आहे तेच लिहिते.

तुमचा पुतण्या महेंद्र कोलशेतच्या कंपनीतून येतो, हातपाय धुतो आणि टेबलाशी बसतो. एकेक पंख कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, चिकटवायचा, मग रुपेरी रंग. नॅट म्हणतात त्या विमानाला, पासष्टच्या लढाईतलं. अशी विमानं काड्यांवर उभी करून, टेबलावर नकाशा पसरून, समोरच्या पार्टीशी फासे टाकून लढाई खेळतात. मोठी माणसं, भावजी, पगारदार. तुमचे दादा असते तर बोलले असते, यापेक्षा पत्ते बरे. पंखावरचा तिरंगी गोल मात्र माझा. मुगाच्या दाण्याएवढा असतो. काडीच्या बुडानं केशरी ठिपका, तो वाळला की त्याच्या आत पांढरा, त्याच्या आत सुईच्या मागच्या टोकानं हिरवा. महेंद्रचे गोल अंड्यासारखे यायचे, म्हणून तो ड्युटीवर असताना मी सगळे पुसून नव्यानं काढले. (दोन दिवस बोलला नाही. मग एक कोरं विमान पुढ्यात ठेवून बोलला, घे.) वर्षभर खपून आम्ही डझनभर केली, नौपाड्यातल्या मॅचसाठी. तिथली पार्टी जुनी, दरवर्षी जिंकणारी, आणि महेंद्रला या खेपेला पहिल्यांदाच बोलावलेलं. पोराला रात्री जेवण गोड लागत नव्हतं.

आता संक्रांतीचं ऐका. योगिनीनं हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून झाकणाचे छोटे गोल डबे आणलेले. त्यातले काही महेंद्रनं आधीच उचलले होते आणि कापूस घालून एकेकात एकेक विमान निजवलं होतं. सगळे डबे आतल्या खोलीत, एकाच कपाटावर. मी आत बसून डबे पुढे करायचे असं ठरलं. (ठरवलं मीच. सून बिचारी बाहेर बसा म्हणत होती, पण मी बाहेर आले की बायका कुंकवाचं बोट कुठे वळवायचं या विचारात अवघडतात.) बायका तिळगूळ खाऊन, वाण घेऊन गेल्या. महेंद्र येऊन कपाट बघतो तर वाणाचे डबे तसेच रिकामे, आणि अख्खं हवाईदल बिल्डिंगभर वाटलं गेलेलं. "आई, रविवारी मॅच आहे," एवढंच बोलला आणि खाली बसला. ओरडला असता तर बरं होतं.

मग मी निघाले वसुलीला. एका घरात पोरानं विमान जांभळं करून ठेवलेलं. एकीनं फ्रिजवर काचेच्या हत्तीशेजारी मांडलेलं. प्रत्येकीकडे चहा, प्रत्येकीकडे सासूचं गाऱ्हाणं. (ऐकता ऐकता माझी पित्ताची गोळी संपली.) खालच्या मजल्यावरच्या रसिकानं डबा न उघडताच, असं ती म्हणते, शहाडच्या नणंदेला वाण म्हणून देऊन टाकलेला. मी शहाडला पोचले तर नणंद तोच डबा पुढच्या हळदीकुंकवासाठी पिशवीत घालत होती. रथसप्तमीपर्यंत ते विमान नाशकाला गेलं असतं. सगळ्यांत चिवट उत्तराबाई. लेकाचा कॅनडाचा व्हिसा अडकलेला, त्यात रुपेरी विमान चालत घरी आलं, म्हणजे देवाचीच खूण. त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहायला सुरुवात केलेली. देईचनात. शेवटी शब्द दिला, लढाई करून येतं आणि मग कायमचं तुमचं. घरी आणल्यावर महेंद्र विमानाच्या नाकावरचं कुंकू पुसायला निघाला, मी हात धरला.

नौपाड्यात समोर कोण, तर दातांचे डॉक्टर आनंद. गोरेगोमटे, बोलणं इस्त्री केलेलं. महेंद्रचे पहिले फासे असे पडले की आमची दोन नॅट लगेच गेली. मी खुर्ची पुढे ओढली तर डॉक्टर बोलले, "आजी, आपण प्रेक्षकांत बसता का?"

"बसायला घरी जागा आहे, डॉक्टर. फासे इकडे द्या."

मग काय सांगू भावजी. पडलेल्या विमानाच्या जागी धूर म्हणून कापसाचा बोळा ठेवतात. तासाभरात डॉक्टरांच्या बाजूला उशी फाटल्यासारखं झालं. एकट्या कुंकवाच्या विमानानं तीन पाडली. डॉक्टरांनी विचारलं, नाक लाल का? मी बोलले, इंजिन तापलंय. जिंकलो आम्ही, आणि तेही त्यांच्या टेबलावर. येताना महेंद्रनं माझी पिशवी जी घेतली ती घरच्या दारापर्यंत सोडली नाही.

असो. जाऊबाईंना सांभाळा, गायीला त्याहून सांभाळा.

तुमची हवाईदलप्रमुख,
गोदावहिनी

ता. क. आपल्या बांधावरच्या सावरीचा कापूस पोतंभर पाठवा. डॉक्टरांनी परत मॅच मागितलीय आणि दुकानातल्या कापसाचा धूर खरा दिसत नाही. पत्र खरं तर याचसाठी लिहिलं.

आणखी एक. व्हिसा अजून आलेला नाही, पण उत्तराबाई रोज दुपारी पंख रंगवायला आमच्याकडे येतात. बाकीच्याही येतात. टेबल पुरत नाही.

आणि हे महेंद्रच्या कानावर जाऊ देऊ नका. कुठल्या डब्यात विमानं आहेत ते मला माहीत होतं. दोन वर्षं या बिल्डिंगमध्ये राहून मला कुणी घरात या म्हटलं नव्हतं. मी मुद्दाम दिली.