मोजणं थांबवल्यावर

प्रिय ठमे,

फोन नाही, पत्रच लिहिते आहे. फोन वाजला की तू तो उशीखाली ढकलतेस, असं जावईबापू म्हणाले. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलीस तेव्हापासून तुझं बोलणं कमी होत गेलं, आता तर तू खोलीबाहेरही येत नाहीस. ‘माझ्यातच काहीतरी मोडलंय’ असं तू त्यांना म्हणालीस म्हणे. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

माझ्या कामाचं तुला कधीच कौतुक नव्हतं. ‘आई केसाहून बारीक पट्ट्या हलवायचा पगार घेते,’ असं तू शाळेत सांगून आली होतीस. तरी आज ऐक. सिलिकॉनच्या त्या पट्टीला विजेचा दाब दिला की ती थरथरते. सेकंदाला किती वेळा थरथरायचं, ते प्रत्येकीचं ठरलेलं असतं. तीच तिची वारंवारता. ती उतरली की पट्टीला तडा गेला, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात आणि तिची रवानगी बाद मालाच्या डबीत होते. मध्यंतरी अशीच एक माझ्या वाट्याला आली. मोजली, तर उतरलेली. पुन्हा मोजली, आणखी उतरलेली. मी हट्टाला पेटले आणि मोजतच राहिले. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर साधा ओरखडासुद्धा नाही. पट्टीखालच्या काचेसारख्या थरात वीज मुरून बसली होती, तीच वारंवारता खाली ओढत होती. आणि मोजायचं म्हणजे दाब द्यावाच लागतो, म्हणजे दर मोजणीला मीच त्यात भर घालत होते. मग तारा सोडवल्या, पट्टी कपाटात ठेवली आणि तिकडे फिरकले नाही.

परवा पाहिली, बरीच वर आली आहे. अगदी पहिल्यासारखी नाही, खोटं कशाला सांगू.

तिथंच स्टुलावर बसून मला रडू आलं. सकाळी मी, दुपारी मावशी, संध्याकाळी तुझ्या सासूबाई. जेवलीस का, झोपलीस का, आज जरा बरं वाटतंय का. आणि तू प्रत्येकीला ‘बरी आहे’ म्हणायचीस. आता सगळ्यांना मी दम भरला आहे. मावशी फुगून बसली आहे, बसू दे. तू मोडलेली नाहीस गं. जे कोसळलं ते आत मुरलंय, आणि आम्ही मायेपोटी त्यात रोज भर घातली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू भुलीत होतीस तेव्हा नर्सनं तुझ्या लेकीला गुंडाळून माझ्या हातात दिलं. तू शुद्धीवर यायच्या आत तिला न्यावं लागलं. नंतर तू काही विचारलं नाहीस, आणि आम्हीच इतकं विचारत राहिलो की तुला विचारायला जागाच उरली नाही. ठमे, मी तिला नीट पाहिलंय. कपाळ, नाक, बोटं, सगळं. अजून कुणापाशी बोलले नाही, कारण ते ऐकायचा पहिला हक्क तुझा आहे. उद्या विचार, काही वर्षांनी विचार, नाहीतर विचारूही नकोस. मी विसरणार नाही.

तुझीच आई,
आणि तिची आजी